वैशाखातलं धुकं

ईरप्पानं ‘मी बघतो’ म्हटलं की त्याच्या घरातली माणसं घाबरतात. ईरप्पा वाईट आहे म्हणून नव्हे. त्याच्या पतसंस्थेत त्याच्याइतका सरळ कारकून दुसरा मिळणार नाही. पण एखादी वस्तू निवडायचं काम त्यानं अंगावर घेतलं की ती वस्तू घरात येईपर्यंत तिची गरज संपलेली असते. मिक्सर निवडायला त्यानं इतका काळ घेतला, की दानम्माचा हात पाट्यावर बसला आणि आता मिक्सर नकोच म्हणून तिनं सांगून टाकलं. लेकीसाठी सायकल निवडत होता, तोवर लेक मैत्रिणीची स्कूटी चालवायला शिकली. (सायकल शेवटी आली. तिच्यावर सध्या टॉवेल वाळत घालतात.)

त्यामुळं त्या रात्री जेवताना दानम्मा म्हणाली, “अहो, कॉम्प्युटरला लावायचा एक कॅमेरा लागेल बघा,” आणि ईरप्पानं कडक भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत “मी बघतो” म्हटलं, तेव्हा नीलम्माचा हात ताटात थांबला. नीलम्मा म्हणजे ईरप्पाची आई. घरात सगळे तिला अव्वा म्हणतात. मूळची अक्कलकोटकडची. हे घर कानडीत भांडतं, मराठीत हिशेब करतं आणि बाकीचं दोन्हीत मिळून चालवतं.

“पुढच्या शनिवारच्या आत पाहिजे,” दानम्मा म्हणाली.

“शनिवारच्या आत म्हणजे घाई होतीय,” ईरप्पा म्हणाला.

“होऊ दे की,” दानम्मा म्हणाली. ती असं कधी बोलत नाही, म्हणून ईरप्पानं मान वर करून बघितलं.

शनिवारचं कारण मोठं होतं. दानम्मा कन्नड घेऊन एम. ए. झालेली. लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवलं, मग लेक झाली, मग अव्वाचं दुखणं निघालं, आणि मग काहीच नव्हतं तरी घरात बसायची सवय झाली. पण लेक ऋतुजा पुण्यात नोकरीला लागली आणि तिनं आईला न विचारताच एका संस्थेत आईचं नाव देऊन टाकलं. नोकरीसाठी बेंगळुरूला निघालेल्या मराठी माणसांना कामापुरतं कन्नड शिकवायचं, घरात बसून, कॉम्प्युटरवरून, असं ते काम. फोनवरची मुलाखत झक्कास झाली होती. आता शनिवारी एक नमुना पाठ द्यायचा होता. तो आवडला तर पहिला वर्ग दानम्माचा. मोबाईलवरून चालणार नाही, कॉम्प्युटरच पाहिजे, आणि शिकवणाऱ्याचा चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे, कारण शिकणारा माणूस ओठांकडं बघून उच्चार उचलतो, असं संस्थेच्या बाईंनी बजावून सांगितलं होतं. दानम्माला ते काम हवं होतं. फार हवं होतं. स्वतःसाठी तिनं काही मागितल्याला या घरात इतकी वर्षं झाली होती, की मागताना तिला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ईरप्पानं ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या हिंदुरावांना गाठलं. हिंदुराव वळसंगचे. शेतावर कॅमेरे बसवल्यापासून ऑफिसात त्यांना या विषयातलं मोठं माणूस मानतात.

“कॅमेरा? कशाला बे? कुटं लावायलास?”

“घरात. कॉम्प्युटरवर.”

“माज्या शेतावरचा बघ. लई भारी. काळ्या अंधारात म्हस दिसती.”

“मला म्हैस नाही बघायची. बायको शिकवणाराय त्याच्यातून.”

हिंदुरावांनी विचार केला. “मग दिवसाचा घे,” ते म्हणाले.

एवढ्या सल्ल्यावर कुणीही दुकान गाठलं असतं. ईरप्पा मात्र आणखी चौघांना भेटला. एकानं गोल घ्यायला सांगितला, एकानं लांबट. एकानं माईक आतच असलेला घे म्हटलं, एकानं माईक आत असला की कॅमेरा तापतो म्हणून घाबरवलं. चौथ्यानं तर कॅमेरा घेऊच नकोस, पुढच्या वर्षी स्वस्त होतील, असा सल्ला दिला. हा सल्ला ईरप्पाला मनापासून पटला होता. शनिवार आडवा आला म्हणून, नाहीतर त्यानं तोच मानला असता.

शेवटी तो नव्या पेठेत महादेवप्पाच्या दुकानात गेला. महादेवप्पानं काचेच्या कपाटातून लिंबाएवढा गोल कॅमेरा काढला, सवयीनं शर्टाच्या टोकाला पुसला, वायर जोडली आणि पडद्यावर ईरप्पाचं तोंड आणलं.

“बघा की. डाव्या गालावर दाढी राहिलीया, तेबी दिसायलंय.”

ईरप्पानं डावा गाल चाचपला. खरंच राहिली होती.

“याला धूळ चालते का?”

“धूळ न चालणारी वस्तू सोलापुरात इकून मी जाऊ कुटं?”

“गोल बरा की लांबट?”

“साहेब,” महादेवप्पा म्हणाला, “तुमी कॅमेरा घ्यायला आलाय. जावई न्हाय.”

ईरप्पानं कॅमेरा घेतला. एका दिवसात घेतला. हा त्याच्या आयुष्यातला विक्रम होता आणि घरी जाईपर्यंत त्याला स्वतःविषयी बराच आदर वाटायला लागला होता.

दारातच अव्वा भेटली. “काय आणलास?”

“कॅमेरा.”

“आदी देवापुढं ठेव.”

ही घरातली जुनी रीत. नवी वस्तू आली की आधी देवघरात जायची, अव्वा तिला विभूती लावायची आणि मग ती वापरात यायची. ईरप्पाचा त्याला विरोध नव्हता. फक्त एकदा थोडं बिनसलं होतं. नवा फ्रिज आला तेव्हा अव्वानं दारावर विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढले होते, चांगले हातभर लांबीचे, आणि नेमकी त्याच संध्याकाळी ऑफिसातली माणसं चहाला आली. ‘ईरप्पा, फ्रिजला दीक्षा दिली का?’ म्हणून हिंदुरावांनी विचारलं. ते गेल्यावर ईरप्पा आईला म्हणाला होता, “अव्वा, लाव तू. पण दिसायला नको.” तेव्हापासून घरातल्या एकाही वस्तूवर पट्टे दिसले नाहीत. अव्वानं ते सोडून दिलं, अशी ईरप्पानं समजूत करून घेतली आणि तो विषय विसरून गेला.

कॅमेरा देवापुढं होता तेवढ्या वेळात ईरप्पानं खोक्यातली माहितीपुस्तिका वाचून काढली. ही पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा जगातला तो पहिलाच माणूस असावा. वाचून झाल्यावर त्यानं सगळ्यांना बोलावून जाहीर केलं, “एक लक्षात ठेवा. याच्या काचेला कुणीही हात लावायचा नाही. बोटांचे ठसे उठतात. स्पष्ट लिहिलंय.”

“बरं,” दानम्मा म्हणाली.

“बरं,” अव्वा म्हणाली आणि पदर सावरून भाजी निवडायला बसली.

कॅमेरा कॉम्प्युटरवर चढला. पुण्याहून ऋतुजा पडद्यावर आली आणि डोळे बारीक करून बघायला लागली.

“आई, तू कुठंयस?”

“घरात की.”

“मग हे धुकं कुठलं?”

वैशाख लागला होता. सोलापुरात दुपारी कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती, डांबर चपलेला चिकटत होतं. धुकं हा शब्द या गावानं बहुतेक पुस्तकातच वाचलेला. तरी ईरप्पानं उठून खिडकी उघडली आणि बाहेर बघितलं. (माणसानं खात्री करून घ्यावी.) गरम वाफ तोंडावर आली तशी त्यानं खिडकी लावून घेतली.

“बाहेर धुकं नाही,” त्यानं लेकीला कळवलं.

“अप्पा, आई पांढरी दिसतीय. सगळंच पांढरं दिसतंय. तुम्ही तर भूत दिसताय.”

ईरप्पा कामाला लागला. उजेड कमी असेल म्हणून त्यानं नवी ट्यूब लावली. धुकं जास्त उजळ झालं. मग त्यानं कॉम्प्युटरचा पडदा पुसला. खिडकीच्या काचा पुसल्या. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर पुसलं, स्वतःचा चष्मा पुसला आणि दानम्माला तोंड धुऊन यायला सांगितलं. ती धुऊन आली. कॅमेरा सोडून घरातली प्रत्येक वस्तू पुसून झाली. कॅमेऱ्याला हात लावायचा नव्हता, कारण तसं स्पष्ट लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कॅमेरा रुमालात गुंडाळून परत नव्या पेठेत नेला. महादेवप्पानं तो हातात घेतला, सवयीनं शर्टाच्या टोकाला पुसला, वायर जोडली. ईरप्पाचं तोंड लख्ख दिसलं.

“आज दाढी बरुबर झालीया,” महादेवप्पा म्हणाला.

“पण घरात धुकं दिसतंय हो.”

“मग कॅमेऱ्यात न्हाय. घरात कायतरी हाय.”

हे वाक्य ईरप्पाच्या डोक्यात बसलं. तो घरी आला तर दारात अव्वा.

“देवापुढं ठेव.”

“अव्वा, कालच ठेवलेला की.”

“बाहेर जाऊन आला न्हवं त्यो? तू बाहेरनं आलास की पाय धुतोस का न्हाय?”

कॅमेरा देवघरात गेला, तिथून कॉम्प्युटरवर गेला, आणि ऋतुजा म्हणाली, “अप्पा, कालच्यापेक्षा दाट आहे आज.”

आता ईरप्पा चिडला. त्यानं कॅमेरा बदलून घ्यायचं ठरवलं. महादेवप्पाशी अर्धा तास हुज्जत घालून त्यानं लिंबाएवढा परत केला आणि वरचे पैसे भरून वीतभर लांबीचा, दिसायलाच अधिकारी वाटावा असा कॅमेरा आणला. काच बरोबर मधोमध. त्याच्यासमोर दुकानातला नोकरसुद्धा सिनेमातला दिसत होता. घरी आला. अव्वा दारात होतीच.

“ह्यो नवा की,” अव्वा खूश होऊन म्हणाली आणि तिनं तो स्वतःच त्याच्या हातातून घेतला.

त्या संध्याकाळी ऋतुजाला पडद्यावर आई दिसलीच नाही. नुसता एक पांढरा ढग दिसला आणि त्याच्यातून आवाज आला, “जेवलीस का गं?”

ऑफिसात हिंदुरावांनी या प्रकरणाचा निकाल लावून टाकला. “लायनीत कचरा असतोय,” ते म्हणाले. “आमच्या वळसंगात नळाला सुरवातीला येतो तसला. थोडा वेळ सोडून ठेव. नितळ येतंय.” ईरप्पानं घरी येऊन नेट तासभर नुसतं चालू ठेवलं. धुकं नितळलं नाही.

शुक्रवार आला. दानम्मा संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसून उद्याचा पाठ म्हणत होती. पडद्यावर तिची पांढुरकी आकृती हात हलवत होती. नमस्कार कसा करायचा, भाडं कसं विचारायचं, डावीकडं आणि उजवीकडं कसं म्हणायचं. ती फार छान शिकवत होती. इतक्या वर्षांत ईरप्पानं तिला शिकवताना कधी बघितलंच नव्हतं, आणि आता बघत होता तर ती दिसत नव्हती.

“थांब, उद्या सकाळी उठून मी तिसरा बघतो,” तो म्हणाला.

“राहू द्या,” दानम्मा म्हणाली. “आवाज तर जातोय. घेतलं तर घेतील.”

“आणि नाही घेतलं तर?”

“तर काय. भाकऱ्या आहेतच की थापायला.” ती हसून बोलली, पण हसणं पडद्यावर दिसलं नाही आणि खोलीतही फारसं दिसलं नाही. ईरप्पाला वाईट वाटलं. जन्मभर वस्तू निवडल्या, आणि जी एकच वस्तू हिच्यासाठी निवडायची होती ती धड निवडता आली नाही. तो बाहेर जाऊन टॉवेलच्या सायकलीपाशी बराच वेळ उभा राहिला.

शनिवारी दुपारी पाठ. घरातला पंखा सुरू केला की कर्रकर्र वाजतो आणि तो आवाज माईकमध्ये जातो, म्हणून पंखा बंद. दारं-खिडक्या बंद. दानम्मा इरकली साडी नेसून, घामानं भिजून कॅमेऱ्यासमोर बसलेली. अव्वा कोपऱ्यातल्या कॉटवर, पदर डोक्यावर घेऊन, लग्नघरात बसावं तशी. ईरप्पाला बायकोची दया आली. त्यानं कॅमेऱ्याच्या खोक्याचा पुठ्ठा उचलला, तिच्या मागं उभा राहिला आणि वारा घालायला लागला. उकाड्यानं शर्ट आधीच काढलेला होता. अंगात बनियन आणि खाली लुंगी. पण एवढ्या धुक्यात आपण कुणाला दिसतोय, असा त्यानं विचार केला. तो विचार बरोबरही होता, काही मिनिटांपुरता.

पडद्यावर संस्थेच्या बाई आल्या आणि त्यांच्यासोबत बेंगळुरूला निघालेले चार शिकाऊ. तीन मुलगे, एक मुलगी.

“नमस्कार दानम्मा मॅडम. आवाज अगदी छान येतोय,” बाई म्हणाल्या. “चेहरा मात्र… तुमच्याकडे पाऊस पडतोय का?”

“नाही हो. ऊन आहे कडक.”

“आणि मागे काहीतरी हलतंय. पडदा आहे का?”

“हो,” दानम्मा म्हणाली. तिच्या संसारातली ही पहिली थाप असावी. “पडदाच आहे.”

पडदा जरा हळू हलायला लागला.

“बरं. पण असं आहे मॅडम, चेहरा दिसला नाही तर आम्हाला निर्णय घेणं अवघड जाईल. तुम्ही एक करा. कॅमेरा जरा पुसून बघता?”

दानम्मानं हात पुढं केला. आणि ईरप्पाच्यानं राहवलं नाही.

“काचेला हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “स्पष्ट लिहिलंय.”

पलीकडून बाई म्हणाल्या, “तुमचा पडदा बोलतो वाटतं.”

दानम्मानं नवऱ्याचं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं नाही. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि गोल फिरवून पुसलं.

धुकं गेलं. पडद्यावर दानम्मा आली, कपाळावरच्या घामाच्या थेंबासकट. तिच्या मागं बनियनमधला, एक हात वर करून पुठ्ठा धरलेला ईरप्पा आला. त्यानं हलणं ताबडतोब बंद केलं. आपण अजिबात हललो नाही तर लोक आपल्याला कपाट समजतील, अशी त्याला आशा वाटली.

दानम्मा मात्र पदराकडं बघत होती. हिरव्या पदरावर पांढरा डाग उठला होता. तिनं तो नाकाशी नेला. रोज सकाळी देवघरात येतो तो वास. तिनं सावकाश मान वळवून कॉटकडं बघितलं.

“अव्वा,” ती म्हणाली, “तुम्ही लावलं?”

“व्हय की,” अव्वा म्हणाली. “पर दिसू दिलं न्हाय बघ. लावलं, नमस्कार केला, पदरानं पुसलं. ईरूच म्हणलेला, लाव पर दिसायला नको. टीव्हीला तसंच लावलं, सायकलीला तसंच.”

कपाट झालेल्या ईरप्पाच्या घशातून आवाज आला, “अव्वा. काचेला?”

“काचेला का लावू? डोळा हाय त्यो त्याचा. कपाळाला लावलं.”

आता कॅमेरा लिंबाएवढा आणि अव्वाची बोटं तीन. पट्टे ओढल्यावर कपाळ कुठं संपलं आणि डोळा कुठं सुरू झाला, हे कोण बघतंय. आणि लांबट कॅमेऱ्याला तर बरोबर मधोमध जागाच होती. एकूण तीन वेळा कॅमेरा घरात आला होता आणि अव्वानं तीनही वेळा त्याला मनापासून विभूती लावली होती. ईरप्पाच्या सगळं एकदम लक्षात आलं, आणि सगळ्यात जास्त हे लक्षात आलं की पट्टे दिसू नयेत म्हणून पसरून पुसायची ही पद्धत त्यानंच घालून दिली होती.

पलीकडून पाच माणसं बघत होती. दानम्माला रडूही येत होतं आणि हसूही. दोन्ही तिनं गिळलं. तिच्यातली जुनी शाळेतली बाई जागी झाली आणि खुर्चीत ताठ बसली.

“ऐका,” ती शिकाऊंना म्हणाली. “बेंगळुरूत पहिल्याच दिवशी लागणारं वाक्य. ‘काणिसुवुदिल्ल.’ म्हणजे दिसत नाही. पाटी दिसत नाही, बस दिसत नाही, घरमालक दिसत नाही. म्हणा.”

“काणिसुवुदिल्ल,” चौघं म्हणाले.

“आता पुसलं. ‘ईग काणिसुत्तदे.’ आता दिसतंय.”

“ईग काणिसुत्तदे.”

“काय काय दिसतंय?” आणि तिनं न वळता मागं अंगठा केला. “‘इवरु यारु?’ हे कोण? ‘इवरु नन्न यजमानरु.’ हे माझे मिस्टर. ‘गाळि बीसुत्तिद्दारे.’ वारा घालतायत.”

“पण मॅडम,” त्यातली मुलगी म्हणाली, “ते तर थांबलेत.”

“थांबलेत ना? मग त्यांना सांगा. ‘बीसि.’ वारा घाला.”

“बीसि,” चौघं एका सुरात म्हणाले.

ईरप्पा वारा घालायला लागला. दुसरं काय करणार. चार अनोळखी माणसांनी एवढ्या शुद्ध कन्नडमध्ये सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं.

कॉटवरून अव्वा म्हणाली, “बीसि काय? आमच्यात बीस्री म्हणत्यात.”

“बघा,” दानम्मा म्हणाली, “सोलापूर-अक्कलकोटकडं ‘बीस्री’. तुम्ही बेंगळुरूत ‘बीसि’च म्हणा. पण कुणी ‘बीस्री’ म्हटलं तर ओळखा, आपल्या बाजूचा माणूस भेटला. त्याला घरचं जेवण कुठं मिळतं ते विचारा.”

पाठ ठरल्यापेक्षा बराच लांबला. अव्वाला कॅमेऱ्यासमोर आणलं गेलं, ती चौघांशी कानडीत बोलली, चौघांना जेवलात का विचारलं आणि उत्तर चुकलं तर परत विचारलं. शेवटी बाई म्हणाल्या, “कळवतो आम्ही,” आणि पडदा काळा झाला.

ईरप्पानं पुठ्ठा खाली ठेवला. त्याचा खांदा भरून आला होता. आईला काय काय बोलायचं याची त्यानं मनात जुळवाजुळव केली आणि तोंड उघडलं. पण अव्वाच आधी बोलली, हळू आवाजात.

“पोरीचं चांगलं व्हावं म्हणून लावलं की रे. इतक्या दिसांनी ती कायतरी करायलीया.”

ईरप्पानं तोंड मिटलं. दानम्मा उठली, देवघरात गेली, विभूतीची डबी घेऊन आली आणि सासूसमोर खाली बसून कपाळ पुढं केलं. “माझ्या लावा,” ती म्हणाली. “दिसली तरी चालेल.” अव्वानं तीन बोटं बुडवली आणि चांगले ठळक पट्टे ओढले. पुसले नाहीत.

सोमवारी बाईंचा फोन आला. वर्ग दानम्माचा. तो पहिला पाठ होता तसाच ठेवावा, चौघांनाही तो तोंडपाठ झालाय, असंही त्या म्हणाल्या. “आणि मिस्टरांना जमणार असेल तर त्यांनाही ठेवा,” त्या म्हणाल्या. “फक्त शर्ट घालायला सांगा.” दानम्मा फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि तिथं एकटीच बराच वेळ हसत आणि डोळे पुसत उभी राहिली. ईरप्पानं पेढे आणले. कुठल्या दुकानाचे आणायचे याचा विचारसुद्धा केला नाही. समोर दिसलं त्या दुकानातून आणले.

आता वर्ग रोज भरतो. विभूती कॅमेऱ्याच्या पाठीला लागते, तिथं ती दिसते आणि कुणाचं काही अडत नाही. वर्गाच्या वेळी पंखा बंद असतो आणि ईरप्पा ऑफिसातून येऊन, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून, आपल्या जागेवर पुठ्ठा घेऊन उभा राहतो.

परवा बाईंचा एक निरोप आला. ईरप्पानंच तो आधी वाचला आणि त्याची छाती फुगली. संस्था आणखी शिक्षिका घेत होती, त्यांच्या घरी कॅमेरे घ्यायचे होते, आणि सगळ्यांत स्वच्छ चित्र दानम्मा मॅडमचं येतं, तर कोणता कॅमेरा निवडावा याचं मार्गदर्शन करावं, असं त्यात लिहिलं होतं. एवढ्या वर्षांत निवडण्याबद्दल ईरप्पाचं मत बाहेरच्या माणसानं पहिल्यांदाच मागितलं होतं. त्यानं हातपाय धुतले, चहा घेतला, गोल आणि लांबट यांतले फरक मनात लावून घेतले आणि खुर्चीत मागं रेलून घसा साफ केला.

“दानू, घे लिहून. सगळ्यात आधी असं लिही, की कॅमेरा निवडणं ही घाईनं करायची गोष्ट नव्हे…”

“पाठवलं मी,” दानम्मा म्हणाली.

“पाठवलं? काय पाठवलं?”

तिनं मोबाईल त्याच्यासमोर धरला. एकच ओळ होती. ‘कोणताही घ्या. फक्त पुसून घ्या.’

ईरप्पानं ती दोनदा वाचली. खोट काढायला जागा नव्हती. मग त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पुठ्ठा उचलला, कारण वर्गाची वेळ झाली होती.